संत्रा बागायतदारांच्या फोरमसाठी स्वतःचा सर्व्हर, पीएचपीबीबी बसवताना अडलो, मदत पाहिजे

बहारवाला | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नोकरी नागपुरात, राहतो वर्धा रोडला, बाग काटोलकडे, वडील आणि मोठा भाऊ बघतात. आमच्याकडच्या बागायतदारांचा फोनवर एक ग्रुप आहे, तो आता भरला, १०२४ च्या वर माणूस घेता येत नाही. पण माणसं मावत नाहीत हा खरा त्रास नाही. दरवर्षी तेच प्रश्न येतात, झाडाला पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, बोर्डो मलमाचं प्रमाण काय, डिंक्या (खोडातून डिंक सुटतो तो रोग) दिसला तर साल कुठपर्यंत खरवडायची, आणि दरवर्षी कुणीतरी जाणता माणूस अर्धा तास बसून नीट उत्तर टाईप करतो आणि दोन दिवसांत ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. मागच्या वर्षी नरखेडच्या एका काकांनी काळ्या माशीवर फोटोसकट इतकं चांगलं लिहिलं होतं, पिल्लं कधी निघतात, फवारा कधी घ्यायचा, पानाच्या कोणत्या बाजूला बघायचं. यंदा शोधायला गेलो तर कुणाच्याच फोनमध्ये नाही, काकांनी स्वतः फोन बदलला. जीव हळहळला. म्हणून ठरवलं की आपला फोरम काढायचा, आपल्या सर्व्हरवर, जिथे लिहिलेलं पुढच्या आंबिया बहाराला, म्हणजे संत्र्याच्या पुढच्या हंगामाला, पण सापडेल.

भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला, १ कोअर, १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. उबुंटू २४.०४ टाकलं. फोरम चालवायला पीएचपीबीबी हे सॉफ्टवेअर निवडलं कारण ते २००० सालापासून आहे, मोफत आहे, सोर्स उघडा आहे आणि एवढ्याशा मशीनवर चालतं असं ऐकलं. आधी एन्जिनेक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) टाकलं, मग मारियाडीबी (डेटाबेस), मग पीएचपी (पीएचपीबीबी ज्या भाषेत लिहिलंय ती). तोपर्यंत सगळं बरोबर. मग सर्व्हर एकदा रीस्टार्ट केला आणि आता एन्जिनेक्स उठतच नाही, आणि ब्राउझरमध्ये आयपी टाकला तर अपाचे या दुसऱ्याच वेब सर्व्हरचं स्वागताचं पान दिसून राहिलं. अपाचे मी टाकलेलंच नाही! काल रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो. काय चुकलं असेल?

नाईटशिफ्ट | शनिवार, रात्री १०:०५

भाऊ, पीएचपी कसं टाकलं ते सांगा, म्हणजे एपीटी इन्स्टॉलच्या पुढे नेमकं काय लिहिलं. आणि ‘एसएस’ कमांडला टी-एल-एन-पी लावून सुडोने चालवा, ८० नंबरच्या पोर्टवर (वेबसाईटचं दार) कोण बसलाय ते दिसेल. एन्जिनेक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ पण टाका.

बहारवाला | शनिवार, रात्री १०:२०

पुढे फक्त ‘पीएचपी’ एवढंच लिहिलं होतं. ८० वर अपाचे२ दिसतंय. लॉगमध्ये बाइंड फेल्ड, कंसात ९८, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज.

नाईटशिफ्ट | शनिवार, रात्री १०:४५

सापडलं. उबुंटूत नुसतं ‘पीएचपी’ मागितलं की ते सोबत अपाचेचं मॉड्यूल ओढतं आणि मॉड्यूलच्या मागे अख्खं अपाचे येतं. त्या वेळी ८० पोर्ट एन्जिनेक्सने धरलं होतं म्हणून अपाचे गपचूप फेल झालं, तुम्हाला कळलंच नाही. रीस्टार्ट केल्यावर दोघं धावले, अपाचे आधी पोचलं, एन्जिनेक्स बाहेर राहिलं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच आहे हे, ज्याने आधी धरली त्याची.

एन्जिनेक्सला पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळं चालवणारा भाग) लागतं, तेच नाव लिहून टाकायचं. आधी अपाचे थांबवा, डिसेबल करा, मग काढून टाका. एफपीएमसोबत मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल आणि जीडी ही पीएचपीची एक्स्टेन्शनं पण घ्या. एमबीस्ट्रिंग विसरू नका, मराठी अक्षरं नीट मोजायला-कापायला तेच कामी येतं. २४.०४ मध्ये पीएचपी ८.३ येतं, तेव्हा एन्जिनेक्सच्या फाईलमध्ये सॉकेटचा (एन्जिनेक्स आणि पीएचपी जिथे जोडले जातात त्याचा) रस्ता ८.३ चाच द्या. इंटरनेटवरचे बरेच लेख २२.०४ च्या वेळचे आहेत, तिथे ८.१ लिहिलंय, ते जसंच्या तसं चिकटवलं की ५०२ बॅड गेटवे आलाच म्हणून समजा.

गोरेवाड्याचा_पोरगा | शनिवार, रात्री ११:१०

दादा डिस्कोर्स का नाही घेत, ते पण फोरमचंच सॉफ्टवेअर? मोबाईलवर मस्त चालतं, दिसायला आजच्या काळातलं आहे. पीएचपीबीबी बघून सायबर कॅफेचा जमाना आठवतो. आणि सर्व्हरला दर महिन्याला पैसे कशाला, घरी जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावरच लिनक्स टाका ना.

टर्मिनलताई | रविवार, सकाळी ८:१५

डिस्कोर्स चांगलंच आहे, मी स्वतः ऑफिसात सांभाळते. पण ते रुबी ऑन रेल्स, पोस्टग्रेस आणि रेडिस मिळून चालतं, सगळं डॉकरच्या डब्यात. १ जीबी रॅम ही त्याची खालची मर्यादा, ती पण स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) जोडून, आणि अपडेटच्या वेळी डबा नव्याने बांधताना एवढ्या मशीनला धाप लागते. शिवाय ईमेल चालत नसेल तर नेहमीच्या रस्त्याने अ‍ॅडमिनचं पहिलं खातंसुद्धा उघडत नाही. फ्लॅरम हा मधला रस्ता, हलकं आहे, पीएचपीवरच चालतं, पण ते बहुतेक कंपोझर या वेगळ्या साधनाने बसवतात आणि नवीन माणसाला तिथे अजून दोन गोष्टी शिकाव्या लागतात. बहारवाला दादांना एकट्यानेच हे ओढायचं आहे, नोकरी सांभाळून. माझं मत विचाराल तर पीएचपीबीबीच ठेवा. फाईली आणि एक डेटाबेस, दोन्ही उचलून दुसरीकडे नेता येतात, ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

घरच्या कॉम्प्युटरचं म्हणाल तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर दुपारच्या बंद खोलीत चोवीस तास मशीन चालवायची, त्यात लाईट गेली की संपलं. आणि घरच्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपीच नसतो, कितीतरी घरं मिळून एक आयपी वापरतात, बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी येऊच शकत नाही. शिकायला मात्र नक्की कर, जुन्या मशीनवर शिकण्यासारखं दुसरं काही नाही.

आता दादांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. पीएचपीबीबी काही फोल्डर बाहेरच्यांना दिसू नये म्हणून एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाईली ठेवतं. त्या फक्त अपाचेला कळतात, एन्जिनेक्स त्यांच्याकडे बघत पण नाही. म्हणजे ‘स्टोअर’ फोल्डर, जिथे अ‍ॅडमिन पॅनलमधून काढलेला बॅकअप पडतो, तो सताड उघडा राहू शकतो. ‘फाइल्स’ आणि ‘कॅश’चं पण तेच. पीएचपीबीबीच्या ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये एन्जिनेक्ससाठी तयार नमुना फाईल दिलेली आहे, तीच घ्या, डोमेन आणि सॉकेट बदला, स्वतःच्या मनाने दहा ओळींची फाईल लिहू नका. आणि परवानगीचा घोळ झाला म्हणून चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारू नका हो, कुणी कितीही सांगितलं तरी. मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला द्या, वेबसाईट त्याच्याच नावाने चालते, प्रश्न सुटतो.

बहारवाला | रविवार, दुपारी १२:५०

ताई आणि भाऊ, दोघांचे मनापासून आभार. अपाचे गेलं, एन्जिनेक्स उठलं. इन्स्टॉलरचं पहिलं पान आलं तेव्हा आईला दाखवलं. आता पुढचं, ‘इन्स्टॉल’ वर टिचकी मारली की ४०४. मी दहा ओळींचीच फाईल लिहिली होती, ताईंचा मेसेज नंतर वाचला. नमुना फाईल लावली की जाईल का हे?

आणि डेटाबेसला रूट (मुख्य युजर) देऊन बघितलं तर अ‍ॅक्सेस डिनाइड, १६९८. पासवर्ड मी ठेवलेलाच नाही तर चुकीचा कसा होईल?

नाईटशिफ्ट | रविवार, दुपारी १:३०

४०४ जाईल. ३.२ पासून इन्स्टॉलरची पानं ‘अ‍ॅप डॉट पीएचपी’च्या पुढे तिरकी रेघ लावून चालतात, एन्जिनेक्सला ते वळण शिकवावं लागतं, नमुना फाईलमध्ये ते आहे.

१६९८ म्हणजे पासवर्ड चूक असं नाही. उबुंटूवरच्या मारियाडीबीत रूटला पासवर्डने घेतच नाहीत, लिनक्सचा रूट समोर उभा असेल तरच दार उघडतं. वेबसाईट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने येते म्हणून तिला परत पाठवलं. तसंही फोरमला रूट द्यायचाच नाही. सुडोने मारियाडीबीत जा, वेगळा डेटाबेस करा, वेगळा युजर करा, त्याला त्या एकाच डेटाबेसचे हक्क द्या, पासवर्ड लांबलचक. आणि बसवून झालं की ‘इन्स्टॉल’ फोल्डर उडवा, ते असेपर्यंत पीएचपीबीबी लोकांसाठी उघडत नाही.

आणि २ जीबीची स्वॅप फाईल आजच करून ठेवा. १ जीबीत कधीतरी मेमरी संपते आणि लिनक्स सगळ्यात जाड प्रक्रिया बघून मारतं, ती नेमकी मारियाडीबी असते. स्वॅप फाईलची परवानगी ६००, आणि एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय जोडायचं त्या यादीत) ओळ टाका नाहीतर पुढच्या रीस्टार्टला गायब.

बहारवाला | सोमवार, रात्री ९:१५

बसलं!! काल रात्री साडेअकराला पहिला विभाग काढला, ‘आंबिया बहार’, दुसरा ‘मृग बहार’, तिसरा ‘रोग आणि कीड’, चौथा ‘कळमन्याचे भाव’. दादाने काटोलवरून फोनवर बघितलं आणि म्हणाला हे तर आपलंच दुकान झालं.

पण एक विचित्र भानगड. माझ्याकडे घरच्या वायफायवर साईट नीट दिसते. नरखेडला जावयाकडे मोबाईल डेटावर डोमेन विकायला आहे अशी जाहिरात दिसते. तोच पत्ता, तोच वेळ! आणि एचटीटीपीएस (पत्त्याजवळचं कुलूप) घ्यायला सर्टबॉट चालवलं तर ते पण फेल, म्हणतं तुमच्या डोमेनवर भलतंच उत्तर आलं. तीन वेळा चालवून पाहिलं.

नरखेडचा_जावई | सोमवार, रात्री ९:३२

मीच तो जावई. मले तर तीन दिवसांपासून ते जाहिरातच दिसून राह्यली, मले वाटलं मायाच फोन बिघडला. शेजाऱ्याच्या फोनवरही तेच. वायफाय इकडे कोनाकडेच नाही, सगळे मोबाईल डेटावालेच हायेत, हे नाई सुधरलं तर आमच्या कामाचं नाई ना भाऊ.

टर्मिनलताई | सोमवार, रात्री १०:००

सर्टबॉट आता हात लावू नका दादा, थांबा. सर्टबॉटला सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडे एका नावासाठी तासाला ५ फसलेले प्रयत्न चालतात, मग ते काही वेळ उत्तरच देत नाही. चाचणी करायची तर ड्राय-रन लावून करायची, तिची मोजणी वेगळी असते.

डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसच्या (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीच्या) पानावर जा. ‘ए’ रेकॉर्ड तुम्ही बदललाय, तो आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्याचा. त्याच्या खाली ‘एएएए’ असा चार ए वाला एक रेकॉर्ड आहे का बघा? तो आयपीव्ही६ चा, नव्या पद्धतीचा, आणि डोमेन घेताना विकणाऱ्याने आपल्या जाहिरातीच्या पानाचा टाकून ठेवलेला असणार. मोबाईल डेटावर आयपीव्ही६ सर्रास असतं आणि फोन आधी तिकडेच जातो. लेट्स एन्क्रिप्ट पण आधी आयपीव्ही६ बघतं. तुमच्या घरच्या वायफायवर फक्त आयपीव्ही४ असेल म्हणून तुम्हाला सगळं गोड दिसतंय.

बहारवाला | सोमवार, रात्री १०:१५

आहे! चार ए वाला आहे! उडवला.

बहारवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

नरखेडला दिसली साईट. सर्टिफिकेट पण आलं, कुलूप दिसतंय. ९० दिवसांचं आहे, टाइमर आपोआप नवं करेल म्हणतात, तो चालू आहे हे बघून घेतलं. ताई, तुम्ही नसता तर मी डोमेन बदलायला निघालो होतो.

नरखेडचा_जावई | बुधवार, सायंकाळी ६:४०

साईट चालून राह्यली, झकास. पण फोटो नाई जाऊन राह्यला. पानाचा फोटो हाये, खालून काळं काळं धरलं त्याचा, ४ एमबीचा. टाकला का ४१३ येते. लिहून काय सांगू, फोटोच पाहा लागते ना कास्तकाराले.

नाईटशिफ्ट | बुधवार, रात्री ८:२०

जावईबापू, तुमचा फोटो तीन दारांतून जातो आणि तिन्ही दारं अरुंद आहेत. पहिलं एन्जिनेक्स, ते मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही, ४१३ तिथलाच. दुसरं पीएचपी, एका फाईलला २ एमबी आणि एका फॉर्मला ८. तिसरं पीएचपीबीबी स्वतः, जोडपत्राला फक्त २५६ केबी. एकच रुंद केलं की माणसाला वाटतं झालं, मग दुसरीकडे वेगळाच एरर येतो आणि डोकं फिरतं. एन्जिनेक्सला २० एमबी द्या, पीएचपीला फाईल १० आणि फॉर्म २०, अ‍ॅडमिन पॅनलमध्ये जोडपत्र १० एमबी, मग एन्जिनेक्स रीलोड आणि एफपीएम रीस्टार्ट. डिस्क २५ जीबीची आहे हे पण ध्यानात ठेवा, पॅनलमध्ये एकूण जोडपत्रांची मर्यादा पण असते, ती लावा, नाहीतर हंगामात डिस्क भरून डेटाबेसच अडकेल.

बहारवाला | शुक्रवार, रात्री १०:३०

फोटो जातायत. ग्रुपमधून १५ जण आलेत. ज्यांनी ज्यांनी पूर्वी चांगलं लिहिलं होतं त्यांना एकेकाला फोन करून विचारतोय, तुमचं लिहिलेलं फोरमवर तुमच्या नावाने टाकू का. सगळे हो म्हणाले, एकजण म्हणाले मी नव्याने लिहितो, तेव्हा घाईत लिहिलं होतं. जुन्या चॅटच्या फाईलीतून आणि नव्या लिहिलेल्यातून मिळून १४० च्या आसपास पोस्टी झाल्या.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच चालत नाही. शोध. ‘खत’ टाकलं तर शब्द लहान आहे म्हणून वगळला. ‘फळ’ चं पण तेच. ‘संत्रा’ टाकलं तर म्हणतो फार सर्रास शब्द आहे म्हणून दुर्लक्ष केलं. संत्र्याच्या फोरमवर संत्रा शोधता येत नाही हो! आणि ‘शेतकऱ्यांना’ टाकलं तर निम्म्या पोस्टी येतात, निम्म्या येत नाहीत, डोळ्यासमोर दिसताहेत तरी.

टर्मिनलताई | शनिवार, सकाळी ९:३०

हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण मराठीत कुठलीही साईट उभी करणाऱ्याला कधीतरी इथे यावंच लागतं, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात, म्हणतात मराठीत शोध चालत नाही. चालतो, फक्त तो इंग्रजी बघून आखलेला असतो. तीन वेगवेगळी कारणं आहेत.

पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोधात शब्द किमान ३ अक्षरांचा असावा असं ठरलेलं असतं. इंग्रजीत दोन अक्षरी शब्द म्हणजे बहुतेक किरकोळ, पण आपल्याकडे खत, फळ, रस, ऊस, घर, सगळे दोन अक्षरी आणि सगळे कामाचे. गंमत अशी की ‘ताण’ सापडेल, कारण काना वेगळं अक्षर म्हणून मोजला जातो, त कान्यासकट दोन आणि ण मिळून तीन. ‘कीड’ सापडेल, ‘बाग’ सापडेल, ‘खत’ नाही. तेव्हा सर्च सेटिंगमध्ये किमान अक्षरं २ करा. मायएसक्यूएल फुलटेक्स्ट निवडलं तरी तिथेही मुळात ३ च असतं, शिवाय ते बदलायला डेटाबेस सर्व्हरच रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून स्वतःचाच शोध ठेवा.

दुसरं, सर्रास शब्दांची मर्यादा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त पोस्टींत जो शब्द आहे तो शोधातून बाद होतो, आणि हा नियम १०० पोस्टींच्या पुढे गेल्यावरच लागू होतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत तुम्हाला ‘संत्रा’ सापडत असणार आणि आता बंद झालं. तिथे ० करा, नियमच उठतो.

हे दोन्ही बदलून नुसतं जतन केलं तर काहीच फरक पडणार नाही. मेंटेनन्समध्ये सर्च इंडेक्स आहे, तो पूर्ण काढून टाकून नव्याने बांधायचा. १४० पोस्टींना मिनिटभर लागेल, १४ हजार झाल्यावर हेच काम रडवेल, म्हणून आजच करा.

तिसरं जास्त खोल आहे. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे दोन शब्द डोळ्याला एकसारखे, पण पहिल्यात र ला नुक्ता असलेलं वेगळं अक्षर आहे, आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडकाम करणारा वर्ण. काही कीबोर्ड पहिला टाईप करतात, काही दुसरा. सर्व्हरच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे शब्द. कोऱ्या, दुसऱ्या, वाऱ्याने, सगळ्यांचं हेच. यावर सरळ उपाय म्हणजे ‘शेतक’ लिहून पुढे तारा (*) लावायचा. तसाही मराठीत तारा लावूनच शोधायची सवय लोकांना लावा, कारण खत, खताचं, खतामुळे, खतांना, आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो आणि ते बिचाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. ‘खत’ ला तारा लावला की सगळे येतात. फोरमच्या वरच्या पट्टीत ही एक ओळ लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात.

बहारवाला | शनिवार, सकाळी १०:१०

२ केलं, ० केलं, इंडेक्स बांधला. ‘खत’ तारा लावून शोधलं, २३ पोस्टी. ताई, डोळ्यात पाणी आलं.

जुनी_वही | शनिवार, दुपारी ४:००

हा धागा रोज वाचतोय, आज लिहितो. नागपुरात महाल भागात राहतो, वय झालं, आता फारसं टाईप होत नाही. माझा पण एक फोरम होता, जुन्या नागपूरवर, वाडे, गल्ल्या, मारबत, जुने फोटो. पीएचपीबीबी २ वर होता, ज्यात अजून युनिकोड नीट नव्हतं, ते २००७ च्या डिसेंबरात ३.० आलं तेव्हा आलं. तीन वर्षं लोकांनी भरभरून लिहिलं. मग सर्व्हर बदलताना डेटाबेस उतरवून नव्या ठिकाणी चढवला आणि सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. मी घाबरून जुनं खातं बंद पण करून टाकलं होतं. नवीन ठिकाणी काही महिन्यांनी सर्व्हर देणारं ते दुकानच एका रात्रीत बंद झालं, आणि माझा बॅकअप कुठे होता, तर त्याच मशीनवर. ज्यांनी लिहिलं होतं त्यातले कितीतरी जण आज नाहीत. त्यांच्या घरच्यांनी मला विचारलं की बाबांनी लिहिलेलं आहे का तुमच्याकडे. माझ्याकडे नाही.

म्हणून सांगतो. मराठी बिघडलेली दिसली तर आधी बघा कशी बिघडली. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि शेजारी चलनाचं गोल चिन्ह, असा चिखल दिसत असेल तर घाबरू नका. आपलं प्रत्येक अक्षर आत तीन बाइटचं असतं, ते तीन बाइट शाबूत आहेत, कुणीतरी लॅटिन१ (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) समजून वाचलं एवढंच. लॅटिन१ म्हणून उतरवायचं, वरची ओळ यूटीएफ८एमबी४ (मराठी मावते ती पद्धत) करायची, परत चढवायचं, मराठी परत येते. पण प्रश्नचिन्हं दिसली तर तिथे मूळ अक्षर उरलेलंच नाही, ते कुणालाच परत आणता येत नाही. प्रश्नचिन्हं दिसल्याबरोबर काम थांबवा आणि जुनी प्रत जपा. मी जपली नाही.

बहारवाला | शनिवार, सायंकाळी ५:३०

काका, वाचून काही वेळ सुचलं नाही. आज रात्रीच बॅकअप लावतो. काय काय घ्यायचं, डेटाबेस सोडून?

नाईटशिफ्ट | शनिवार, सायंकाळी ६:१५

काका, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

बहारवाला भाऊ, तीन गोष्टी. डेटाबेसचा डंप (पूर्ण उतरवलेली प्रत), सिंगल-ट्रान्झॅक्शन आणि यूटीएफ८एमबी४ लावून. ‘फाइल्स’ फोल्डर आणि अवतारांचं फोल्डर, कारण फोटो डेटाबेसमध्ये नसतात, तिथे नुसती नावं असतात. आणि कॉन्फिग डॉट पीएचपी, फोरमच्या सेटिंगची फाईल. हे रोज रात्री काढून दुसऱ्या ठिकाणी ढकला, त्याच मशीनवर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) वेळ टाकताना मशीनचा टाइमझोन बघा, बहुतेक यूटीसी असतो, रात्री २ लिहिलं तर आपल्याकडे सकाळी साडेसातला चालेल, आणि त्याच वेळी लोक बागेतून येऊन फोन उघडतात. एशिया/कोलकाता लावून घ्या.

टर्मिनलताई | शनिवार, सायंकाळी ६:४०

आणि परत चढवून बघा दादा. रिकाम्या मशीनवर. चढवून न बघितलेला बॅकअप धरू नका.

बहारवाला | रविवार, रात्री ११:२०

आज दिवसभर हेच केलं. तासावर भाड्याने एक रिकामा सर्व्हर घेतला, सुरुवातीपासून सगळं बसवलं, यावेळी पीएचपी-एफपीएमच लिहिलं, एकदाही अडलं नाही, ५० मिनिटांत उभा. डंप चढवला, फोटो चढवले, उघडला. नरखेडच्या जावयाचा काळ्या पानाचा फोटो जसाच्या तसा, मराठी जशीच्या तशी, शोध पण. मग तो सर्व्हर मोडून टाकला.

दोन गोष्टी राहिल्यात. एक मेल. २५ नंबरचं पोर्ट सर्व्हरवाल्याने बंदच ठेवलंय, म्हणून ५८७ वरून एका मेल सेवेतून पाठवतोय, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) लावले, तरी काहींना स्पॅममध्ये जातं. आणि खरं म्हणजे आमच्याकडे अर्ध्या लोकांना त्यांचा स्वतःचा ईमेल माहीत नाही, फोनच्या दुकानदाराने बनवून दिलेला असतो. दुसरं, गेल्या दोन दिवसांत औषधं आणि जुगाराची जाहिरात करणारी ६० खाती येऊन पडली.

टर्मिनलताई | सोमवार, सकाळी ८:५०

खातं उघडण्याची परवानगी मेलवर न ठेवता अ‍ॅडमिनवर ठेवा, तुम्ही तसेही प्रत्येकाला फोनवर ओळखता. मेल मग फक्त पासवर्ड विसरला तर लागेल. स्पॅमसाठी चित्रातली अक्षरं वगैरे नको, म्हाताऱ्या माणसांना ती दिसत नाहीत. प्रश्नोत्तरांचा कॅप्चा (समोर माणूसच आहे ना ते तपासणारा) आहे, तो लावा, प्रश्न आपल्या बागेतला विचारा. उत्तरं एका ओळीत एक अशी कितीही देता येतात, वेगवेगळी स्पेलिंगं सगळी टाका, काटेकोर तपासणी बंद ठेवा.

बहारवाला | मंगळवार, रात्री ९:००

लावला. प्रश्न असा, ‘काळ्या माशीमुळे पानावर जी काळी बुरशी धरते तिला आपल्याकडे काय म्हणतात?’ कोळशी, कोलशी, कोळसी, तिन्ही चालतात, रोमन लिपीतलंही चालतं. कालपासून एकही भामटं खातं नाही, आणि खरी ९ आली.

त्यातलं एक नरखेडच्या काकांचं. नातवाने उघडून दिलं. काकांनी काळ्या माशीवर परत लिहिलंय, आधीपेक्षा मोठं, आणि शेवटी लिहिलंय की पूर्वी सांगताना फवाऱ्याच्या वेळेत माझी एक चूक झाली होती, ती इथे दुरुस्त केली. जुनी_वही काका, तुमचं पण खातं उघडून ठेवलंय, विभाग हवा असेल तर सांगा, जुन्या नागपूरसाठी.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ९:४५

संत्र्याच्या बाजाराचे जुने फोटो चालतील का? कॉटन मार्केटचे आहेत, घरात सात-आठ निघतील. उद्या नातीकडून स्कॅन करून घेतो.

बहारवाला | मंगळवार, रात्री ९:४७

पाठवा काका. १० एमबीपर्यंत जातो आता.